कोंडलेली हवा आणि काउंट रम्फर्ड

युरोपांतील राजांच्या लढायांच्या तारखा शाळेंतील मुलांना पाठ असतात. परंतु ते राजे व त्यांची प्रजा हिंवाळा कसा काढीत, घरें कशानें तापवीत आणि त्यापायीं किती सरपण जाळीत, याची विचारपूस पाठ्यपुस्तकें सहसा करीत नाहींत. वास्तविक थंड मुलखांत सरपण ही धान्याच्या खालोखाल महत्त्वाची वस्तु होय. जानेवारीच्या रात्रीं तेथें विस्तव विझणें ही नुसती गैरसोय नव्हे. म्हाताऱ्या माणसांच्या व तान्ह्या मुलांच्या जिवाशींच ती गांठ असते. असें असूनहि शेंकडों वर्षें युरोपांतील माणूस जाळलेल्या लांकडाची बहुतेक ऊब धुराड्यावाटे आकाशाला अर्पण करीत आला, आणि उरलेली भिंतींच्या व खिडक्यांच्या फटींतून निघून जाऊं देत आला. हें नुकसान कोणाच्या नजरेस आलें, तें थांबविण्याची युक्ति कशी सांपडली, आणि सांपडल्यावरहि लोक ती पुन्हां पुन्हां कसे विसरले, ही कहाणी ऐकण्याजोगी आहे.

जुन्या इंग्रजी घरांतील शेकोटी म्हणजे भिंतींतला एक प्रशस्त कोनाडा व त्यावर थेट छपरापार गेलेलें रुंद धुराडें. धुराडें साफ करणारा पोरगा आंत चढूं शकला पाहिजे, म्हणून त्याचा घसाहि ऐसपैस ठेवीत. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, हा तर निसर्गाचा नियमच; तेव्हां विस्तवावरची हवा धूर घेऊन वर जाई इतकेंच नव्हे, तर खोलींतील होती नव्हती ती ऊबदार हवाहि आपल्याबरोबर ओढून नेई. तिची जागा भरून काढण्यास दाराखालून व खिडकीच्या फटींतून बाहेरची गारठलेली हवा आंत शिरे. विस्तव जितका मोठा, तितकी ही ओढ अधिक! यामुळें शेकोटीसमोर बसलेल्या गृहस्थाचें तोंड भाजे आणि पाठ काकडे. शिवाय धूर उलटून खोलींत येई तो निराळाच.

या अव्यवस्थेचा नीट विचार ज्यांनीं केला त्यांत अमेरिकेंतील फिलाडेल्फियाचा बेंजामिन फ्रँक्लिन हा एक अग्रेसर होय. वसाहतवाल्यांनीं वस्त्यांभोंवतींचीं रानें तोडल्यामुळें पूर्वीं दारांत मिळणारें लांकूड आतां लांबून आणावें लागे. फ्रँक्लिननें ओतीव लोखंडाच्या पत्र्यांची एक पेटीवजा शेकोटी तयार केली व तिचें वर्णन करणारी पुस्तिका १७४४ सालीं छापली. तिच्या विक्रीचा मक्ता गव्हर्नर देत असतांहि त्यानें तो घेतला नाहीं. दुसऱ्यांच्या शोधांचा लाभ आपणांस मिळतो, तर आपल्या शोधाचा लाभ दुसऱ्यांस मोकळेपणानें मिळावा, असें त्याचें म्हणणें होतें. म्हणणें थोर होतें. शेकोटी मात्र तितकी चांगली नव्हती. धूर प्रथम खालीं नेऊन मग वर चढविण्याची तिची वाट नीट चालत नसे. पुढें इतरांनीं ती वाट सुधारली.

परंतु उष्णतेच्या पळवाटा ज्यानें खरोखर धुंडाळल्या तो पुरुष दुसराच होता. तोहि जन्मानें अमेरिकनच. बेंजामिन टॉम्सन याचा जन्म १७५३ सालीं मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न गांवीं झाला. त्यानें दुकानांत उमेदवारी केली, शाळामास्तरकी केली, एका श्रीमंत विधवेशीं लग्न केलें. आणि अमेरिकेचें स्वातंत्र्ययुद्ध पेटलें तेव्हां इंग्रजांचा पक्ष धरून त्यांना गुप्त बातम्या पुरविल्या. पुढें बायको व लहान मुलगी मागें टाकून तो इंग्लंडला निघून गेला. या चरित्रांत अनुकरणीय असें फारसें नाहीं, आणि तें झांकून ठेवण्याचेंहि कारण नाहीं. विज्ञानाचा इतिहास सज्जनांनींच घडविला पाहिजे, असा नियम कोठें आहे?

इंग्लंडांतून तो जर्मन मुलखांतील बव्हेरियाच्या अधिपतीच्या पदरीं गेला. तेथेंच पुढें त्याला काउंट ही पदवी मिळाली, आणि तरुणपणीं जेथें शिक्षकी केली त्या गांवाचें जुनें नांव घेऊन तो काउंट रम्फर्ड झाला. बव्हेरियाच्या सैन्याला थोड्या खर्चांत उबदार कपडे पुरवावयाचे होते. कोणतें कापड अधिक उबदार, हें शिंप्याला विचारण्याऐवजीं रम्फर्डनें निसर्गालाच विचारलें. काचेच्या एका गोळ्याच्या मध्यभागीं उष्णतामापक बसवून भोंवतालच्या पोकळींत तो कधीं लोकर, कधीं कापूस, कधीं रेशीम, कधीं सशाची लव, तर कधीं पक्ष्यांचीं मऊ पिसें भरी. तें यंत्र आधीं उकळत्या पाण्यांत तापवावयाचें, मग बर्फाच्या पाण्यांत धरावयाचें, आणि पारा ठराविक अंश उतरण्यास किती वेळ लागतो तें घड्याळावर मोजावयाचें, असा त्याचा क्रम होता.

या मोजमापांत एक चमत्कारिक गोष्ट त्याच्या ध्यानांत आली. तेंच रेशीम मोकळें पिंजून भरलें तर ऊब पुष्कळ वेळ टिकते, आणि पीळ दिलेला दोरा करून भरलें तर लवकर जाते. वस्तु एकच, मग फरक कशाचा? रेशमाचा नव्हे, रेशमांत अडकलेल्या हवेचा! मोकळी हवा इकडून तिकडे फिरते व उष्णता वाहून नेते. पण तिला बारीक बारीक कप्प्यांत कोंडून जागची हलूं दिली नाहीं, तर तीच हवा उष्णतेची वाट अडवून बसते. पशूंची लव, पक्ष्यांचीं पिसें, मेंढीची लोकर यांचें सारें मर्म या कोंडलेल्या हवेंत आहे. महाराष्ट्रांतील आज्या जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून गोधडी शिवीत आल्या, ती ऊब देते ती याच न्यायानें. आणि वर्षानुवर्षें दडपून चपटी झालेली गोधडी उबेला कमी पडते, याचेंहि कारण तेंच. उष्णतेवरील या संशोधनाबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीनें १७९२ सालीं रम्फर्डला आपलें कोपली पदक दिलें.

म्युनिच शहरांत त्या वेळीं भिकाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. १७९० च्या १ जानेवारीस रम्फर्डनें सैन्याच्या मदतीनें त्यांना धरून आणून कामशाळेंत घातलें; तेथें त्यांनीं सैन्याचे कपडे तयार करावयाचे आणि त्यांना पोटभर गरम जेवण मिळावयाचें. या सक्तीविषयीं आज कोणी नाक मुरडील, आणि तें अयोग्यहि होणार नाहीं. परंतु रोज शेंकडों माणसांचें अन्न शिजवावयाचें म्हणजे सरपणाचा हिशेब आला, आणि त्या हिशेबांतूनच युरोपांतील स्वयंपाकघराचा कायापालट सुरू झाला. उघड्या जाळावर टांगलेल्या भांड्याला जाळाचा थोडाच अंश लागतो. रम्फर्डनें भांडें विटांच्या बांधकामांत बुडवून बसविलें, त्याच्याखालीं त्याच्यापुरताच लहान विस्तव ठेवला, विस्तवाला झडप लावली आणि हवा पाहिजे तितकीच आंत सोडली. १९१० सालीं कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनीं काढलेला इकमिक कुकर पुष्कळ महाराष्ट्रीय घरांतून वापरांत होता. डब्यावर डबे, खालीं ओंजळभर कोळसा, आणि सर्वांवर बाहेरचें नळकांडें. निखारे मंदावले तरी आंत अन्न शिजत राही. उष्णता निर्माण करण्यापेक्षां ती धरून ठेवण्याची ही कला म्युनिचच्या त्या चुलींच्याच कुळांतली होय.

१७९५ सालीं रम्फर्ड लंडनला परतला तों तेथील शेकोट्या पूर्वींसारख्याच धूर ओकीत होत्या. त्यानें सुचविलेली दुरुस्ती अगदीं साधी होती. धुराड्याचा घसा चार इंचांवर आणावा. मागची भिंत पुढें घ्यावी. बाजूच्या भिंती तिरप्या, बाहेर उघडत जाणाऱ्या कराव्या, म्हणजे धग खोलींत परतेल. लोखंड काढून वीट व दगड घालावे आणि वरून पांढरा चुना द्यावा. धुराडें झाडणाऱ्याची अडचण होऊं नये म्हणून घशाजवळचा एक दगड काढतां-घालतां येईल असा ठेवण्याची सूचनाहि तो विसरला नाहीं. थोडक्याच महिन्यांत लंडनमधील शेंकडों शेकोट्यांनीं हें रूप घेतलें. गिलरे या विख्यात व्यंगचित्रकारानें १८०० सालीं कोटाचे पुच्छ उचलून शेकोटीकडे पाठ करून उभा असलेला सुखी रम्फर्ड काढला. लोकप्रियतेची याहून बिनतोड पावती इंग्लंडांत मिळत नाहीं.

मात्र इंग्रजाला जळता जाळ डोळ्यांनीं दिसावा लागतो. बंद भट्टींत खोली अधिक तापते हें रम्फर्डला ठाऊक होतें. दुहेरी तावदानांत हवेचा थर कोंडण्याचा उपायहि त्याच्या माहितींतला होता. परंतु लोकांनीं त्याच्यापासून शेकोटी तेवढी घेतली, कोंडलेल्या हवेचा सिद्धांत घेतला नाहीं. पुढें तो पॅरिसला गेला व रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याच्या विधवेशीं त्यानें लग्न केलें. तो संसार सुखाचा झाला नाहीं. एकदां त्यानें बाईंच्या पाहुण्यांना फाटकांतून आंत येऊं दिलें नाहीं, तेव्हां बाईंनीं त्याच्या आवडत्या फुलझाडांवर उकळतें पाणी ओतलें, असें त्यानें आपल्या मुलीला लिहिलें आहे! १८१४ सालीं त्याचा अंत झाला.

यापुढील दीडशें वर्षें विस्मरणाचीं. कोळसा स्वस्त झाला, आणि ज्याला कोळसा स्वस्त तो फटी कशाला बुजवील? १८६५ सालीं जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञानें तर उलट इशारा दिला, कीं यंत्रें काटकसरीचीं झालीं कीं कोळशाचा खप कमी न होतां वाढतो. कारखान्यांपुरतें त्याचें म्हणणें पुष्कळ अंशीं खरें ठरलें. घराला मात्र एक मर्यादा असते. खोली पुरेशी ऊबदार झाल्यावर ती आणखी तापवावी असें कोणास वाटत नाहीं. लंडनच्या लाखों शेकोट्या तशाच धुमसत राहिल्या. १९५२ च्या डिसेंबरांत त्यांच्या व कारखान्यांच्या धुराचें दाट धुकें पांच दिवस शहरावर बसलें आणि हजारों माणसें दगावलीं. तेव्हां १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला.

ऊब धरून ठेवण्याची आठवण जगाला खऱ्या अर्थानें झाली ती १९७३ सालीं. अरब-इस्रायल युद्धानंतर अवघ्या कांहीं महिन्यांत खनिज तेलाचा भाव सुमारें चौपट झाला. डेन्मार्कसारख्या देशांत रविवारीं मोटारी बंद ठेवण्याची वेळ आली. कॅनडांतील सस्कॅचवान प्रांतांत, जेथें पारा शून्याखालीं तीस अंशांच्याहि पलीकडे उतरतो, तेथें सूर्याच्या उष्णतेवर चालणारें नमुन्याचें घर बांधण्याचें काम हॅरल्ड ऑर प्रभृति तंत्रज्ञांकडे आलें. त्यांनीं गणित मांडलें, आणि ज्या हिंवाळ्यांत ऊब हवी त्याच हिंवाळ्यांत ऊन अपुरें, असें आढळून आलें. तेव्हां आधीं उष्णतेची गळती बंद करावी, मग सूर्याकडे पाहावें, असें त्यांनीं ठरविलें. १९७७ सालीं रेजायना शहरांत तें घर उभें राहिलें. भिंती सुमारें एक फूट जाड, छप्पर त्याहून जाड, आणि दोहोंच्या पोटांत कोंडलेल्या हवेचें भरण; फटी अशा बुजविलेल्या कीं वारा शिरूं नये. घुसमट होऊं नये म्हणून बाहेर जाणारी शिळी हवा आपली ऊब आंत येणाऱ्या ताज्या हवेला देऊन जाईल, अशी पेटीहि बसविली. घर तापविण्याची नेहमींची भट्टी त्यांत ठेवलीच नव्हती. गंमत अशी, कीं पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत भरणारीं छपरावरचीं सूर्ययंत्रें महागडीं व दुरुस्तीखाऊ निघालीं आणि पुढें काढून टाकावीं लागलीं. भिंतींतल्या भरणाकडे कोणी पाहात नव्हतें, तें मुकाट्यानें काम करीत राहिलें.

याच धड्यावर जर्मनींतील वोल्फगांग फाइस्ट व स्वीडनमधील बो अॅडमसन यांनीं गणिताची इमारत रचली. डार्मश्टाट शहरांतील क्रानिकश्टाइन भागांत एका ओळींत बांधलेल्या चार घरांत १९९१ सालीं कुटुंबें राहावयास आलीं. या पद्धतीनें पुढें जो दंडक ठरला त्याप्रमाणें घर तापविण्यास एका चौरस मीटरामागें वर्षाला १५ युनिटांहून अधिक उष्णता लागतां कामा नये.

महाराष्ट्रांत प्रश्न उलटा आहे. ऊब आंत ठेवावयाची नसून बाहेर ठेवावयाची आहे. सोलापूर-मराठवाड्याकडील धाब्याच्या घरांत हातभर जाड मातीच्या भिंती व वर पांढऱ्या मातीचा थर दुपारचें ऊन आंत पोहोंचूं देईपर्यंत संध्याकाळ करीत. मातीचा हा गुण कोंडलेल्या हवेहून निराळा. ती उष्णता अडवीत नाहीं, रेंगाळत ठेवते. पावसाळ्यांत धाबें गळे, दर वर्षीं त्यावर माती टाकावी लागे, म्हणून लोकांनीं सिमेंटचा स्लॅब पत्करला त्यांत त्यांचा दोष नाहीं. पण पांच-सहा इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रीं ती उष्णता झोपलेल्या माणसांवर ओततो. मग पंखा आणि वातशीतक यांचें वीजबिल येतें. भारत सरकारनें २०१८ सालीं घरांसाठीं ऊर्जेची जी इको-निवास संहिता तयार केली तींत छपराची मर्यादा आंकड्यानें घातली आहे: आंत-बाहेर एका अंशाचा फरक असतां एका चौरस मीटरांतून १.२ वॅटपेक्षां अधिक उष्णता जातां कामा नये. उघडा स्लॅब याच्या दुपटीहून अधिक उष्णता जाऊं देतो. ती अडविण्यास फोमच्या लादीचा दोन-तीन इंचांचा थर आणि वरून पांढऱ्या चिनी फरशीचे तुकडे एवढें पुरतें. फोम म्हणजे तरी काय, बारीक बारीक कप्प्यांत कोंडलेली हवाच.