डोलीपासून रुग्णवाहिकेपर्यंत

रोग्यास वैद्याकडे न्यावें, कीं वैद्यानें रोग्याकडे जावें, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु रुग्णवाहिकेचा सारा इतिहास या एकाच प्रश्नाभोंवतीं फिरत आला आहे. आपल्याकडे जुन्या काळीं पहिलीच रीत होती. खेड्यांत कोणी अत्यवस्थ झाला म्हणजे चार गडी जमत, घोंगडीची झोळी बांबूस बांधीत अगर डोली करीत, आणि खांदे बदलीत त्यास वैद्याच्या दारीं पोंचवीत. वाटेंत उपचार असा कांहीं नसे. वाट ही केवळ सोसावयाची गोष्ट होती.

वाटेंतला हा काळ फुकट जाऊं नये, ही जाणीव प्रथम रणभूमीवर झाली. लढाई संपेपर्यंत घायाळ शिपाई मैदानावरच तळमळत पडतात, हें पाहून इ. स. १७९२ च्या सुमारास लारे या फ्रेंच शस्त्रवैद्यानें हलक्या, वेगवान घोडागाड्या सिद्ध करविल्या. त्याहून मोठी गोष्ट ही कीं, आधीं कोणाकडे पाहावयाचें हें हुद्द्यावरून न ठरवितां जखमेवरून ठरवावें, असा दंडक त्यानें घातला. या इतिहासांत आपल्या लोकांचाही वांटा आहे. बोअर युद्धांत, १८९९ सालीं, गांधींनीं नाताळांत सुमारें ११०० हिंदी लोकांचें पथक उभारलें. स्पिऑन कोपच्या लढाईंत त्यांनीं जखमींस मैलोगणती वाहून नेलें. त्यांतले बहुतेक गिरमिटिये मजूर होते, हें विसरूं नये.

शांततेच्या काळांतील नगरांस मात्र हें शहाणपण उशिरां आलें. १९६६ सालीं बेलफास्ट येथें डॉ. पँट्रिज यांनीं हृदयास विजेचा धक्का देणारें यंत्र गाडींत बसविलें व तें रोग्याच्या दारीं नेलें. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहरीं, जेथें तोंपर्यंत आजाऱ्यास पोलिसांच्या गाडींत घालून नेत असत, एक नवा उपक्रम सुरू झाला. तेथील कृष्णवर्णीय वस्तींतल्या तरुणांस डॉ. पीटर साफर यांनीं प्राण वांचविण्याची विद्या शिकविली. ज्यास आज पॅरामेडिक म्हणतात, त्या सेवकवर्गाच्या आरंभींच्या पिढींतले हे तरुण होत.

भारतांत १०८ क्रमांकाची सेवा २००५ सालीं हैदराबादेंत सुरू झाली. महाराष्ट्रांत तसाच प्रबंध २०१४ सालीं झाला. आरंभीं येथें ९३७ गाड्या होत्या. पैकीं २३३ गाड्यांत कृत्रिम श्वासाच्या यंत्रासारखीं अधिक साधनें होतीं, व उरलेल्या ७०४ प्राथमिक उपचाराच्या होत्या. हांक पुण्याच्या केंद्रांत जाते. तेथें ठिकाण व दुखण्याचें स्वरूप विचारून घेतात आणि जवळची मोकळी गाडी धाडतात. पिट्सबर्गच्या रीतीहून येथील भेद हा कीं, गाडीबरोबर डॉक्टर नेमण्याची योजना येथें केली गेली. वैद्यानें रोग्याकडे जावें, हें उत्तर अशा रीतीनें आपण कागदावर तरी पूर्णपणें स्वीकारलें.

आतां हें उत्तर भिवंडीशीं ताडून पाहूं. हें यंत्रमागांचें शहर. येथला कामगार बहुधा परप्रांतांतून आलेला, आणि त्याची वस्ती कारखान्यांच्या दाटींत. अमुक कंपाउंड, तमुक नाका, एवढाच ज्याचा पत्ता, त्यानें दूरच्या केंद्रास आपलें ठिकाण सांगावें तरी कसें? गाडी आली तरी ती गल्लीच्या तोंडाशीं थांबणार. तेथपर्यंत रोग्यास आणावयास पुन्हां चार खांदेच हवेत. पुढें इंदिरा गांधी स्मृति रुग्णालयांतून दुखणें अवघड म्हणून ठाण्यास वा कळव्यास धाडलें, तर काल्हेर-कशेळीचा, गुदामांच्या मालमोटारींनीं गजबजलेला रस्ता उरतोच. २१ सप्टेंबर २०२० च्या पहांटे पटेल कंपाउंडांतील जिलानी इमारत कोसळली व सुमारें ४० माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या वेळीं ढिगाऱ्याखालून पहिले जीव बाहेर काढले ते शेजाऱ्यांनीं. आपत्तिनिवारण दल मागाहून पोंचलें.

तात्पर्य, शास्त्र कितीही पुढें गेलें तरी सेवेचा पहिला दुवा शेजारीच आहे. हा दुवा भीतीमुळें तुटूं नये, याची काळजी न्यायालयांस घ्यावी लागली. जखमीवर आधीं उपचार व्हावे, पोलिसी सोपस्कार मागाहून, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालीं दिला. जखमीस उचलून आणणाऱ्या परक्या माणसास कोणी छळूं नये, यासाठीं २०१६ सालीं त्याच न्यायालयानें नियमांस बळ दिलें, आणि २०१९ सालीं मोटारवाहन कायद्यांतच तशी तरतूद झाली. तरीही रस्त्यावर पडलेल्या माणसाभोंवतीं वर्तुळ करून उभे राहणारे लोक आपण सर्वांनीं पाहिले आहेत. कित्येकदां त्या वर्तुळांत आपणही असतों.

म्हणून एखाद्या शहराची सेवा किती गाड्यांची, हें विचारणें पुरेसें नव्हे. पहिली हांक आणि पहिला जाणता हात यांत किती मिनिटें गेलीं, हें विचारलें पाहिजे. मुंबईंत २०१७ सालीं डॉक्टर दुचाकीवरून धाडण्यास आरंभ झाला, तो हें अंतर तोडण्यासाठींच. भिवंडीच्या गल्ल्यांस त्याची गरज कमी नाहीं. गल्लीगल्लींतल्या चार तरुणांस रक्त थांबविण्याची, श्वास सुरू करण्याची, पाठीचा कणा न हलवितां उचलण्याची विद्या शिकविली, तर जुन्या डोलीचा खांदा आणि नवें शास्त्र यांची गांठ पडेल. पिट्सबर्गच्या तरुणांनीं हें करून दाखविलें. मागावर रात्रपाळी करणारा आपला तरुण त्याहून कमी कुशल आहे, असें मानण्यास कांहींच आधार नाहीं.