सिकलसेल : विद्यापीठीय विद्यार्थ्यांमधील जागृती

सिकलसेल हा आईवडिलांकडून मुलांकडे येणारा रक्तविकार आहे. बीटा-ग्लोबिन जनुकातील एका बदलामुळे हिमोग्लोबिनची घडण बिघडते. ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर नष्ट होतात. रक्तक्षय, असह्य वेदना व वारंवार होणारा जंतुसंसर्ग ही त्याची प्रमुख लक्षणे होत. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी या विकाराचे पहिले वैद्यकीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचा रुग्ण ग्रेनाडाहून आलेला दंतवैद्यकाचा विद्यार्थी होता.

महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, नंदुरबार या जिल्ह्यांत आणि मेळघाटात सिकलसेल विशेष आढळतो. विद्यापीठीय वयात लग्नाचे निर्णय जवळ आलेले असल्याने या गटातील जागृतीला महत्त्व आहे. बदललेले जनुक एकाच पालकाकडून आलेल्या, म्हणजे वाहक (एएस), व्यक्तीला सहसा कोणताही त्रास होत नाही; म्हणून चाचणीखेरीज वाहकत्व कळत नाही. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात अपत्य रुग्ण (एसएस) असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि निरोगी (एए) असण्याची २५ टक्के असते.

विकाराचे नाव ठाऊक असणे म्हणजे जागृती नव्हे. स्वतःचा चाचणी-अहवाल माहीत असणे व त्याचा अर्थ कळणे तिच्यात अभिप्रेत आहे. सोल्युबिलिटी चाचणीतून सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच समजते; व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतून ठरते. वाहकाला रुग्ण समजणे, विकार संसर्गजन्य मानणे आणि लग्न मोडण्याच्या भीतीने, विशेषतः मुलींचा, अहवाल दडवणे हे जागृतीतील मुख्य अडथळे आहेत. त्यामुळे तपासणीबरोबर गोपनीयता व समुपदेशन आवश्यक ठरते.

रुग्ण विद्यार्थ्यांनी भरपूर पाणी पिणे, थंडी व अतिश्रम टाळणे आणि ताप आल्यास त्वरित उपचार घेणे गरजेचे असते. डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलेल्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या विकाराचा समावेश आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींच्या तपासणीचे लक्ष्य असून, बाधित भागांतील विद्यापीठीय विद्यार्थी या वयोगटात येतात.