क्षणभंगुर कलेची जपणूक

शिलालेख झिजतो, ताम्रपट गंजतो. तरी संशोधकास मूळ वस्तु समोर ठेवून बोलतां येतें. परंतु जी कलाकृति काळाच्या ओघांतच उलगडते आणि यंत्र थांबतांच नाहींशी होते, तिच्यांतील नेमकें काय जपावें? हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जगांतील संग्रहालयांपुढें उभा राहिला. दक्षिण कोरियांतील एका मनोऱ्याचा इतिहास या दृष्टीनें उद्बोधक आहे.

या मनोऱ्याचे कर्ते नाम जून पाइक. त्यांचा जन्म १९३२ सालीं सेऊल येथें झाला. तोक्यो येथील शिक्षणानंतर ते जर्मनींत गेले आणि १९६३ सालीं वुपरटाल येथील प्रदर्शनांत त्यांनीं दूरचित्रवाणीचे संच कलेचें साधन म्हणून मांडले. घरोघरच्या करमणुकीचें हें यंत्र चित्रकाराच्या फलकासारखें वापरतां येईल, अशी त्यांची धारणा होती.

१९८८ सालीं सेऊल येथें ऑलिंपिक सामने भरले. त्याच सुमारास नजीकच्या ग्वाचॉन येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयांत पाइक यांनीं १००३ संचांचा, १८.५ मीटर उंचीचा मनोरा उभारला. त्याचा घाट पॅगोडासारखा, वर निमुळता होत गेलेला. १००३ हा आंकडा ३ ऑक्टोबर या कोरियाच्या राष्ट्रस्थापनादिनाचा निदर्शक होय. कलाकृतीच्या कोरियन नांवाचा अर्थ ‘जितकें अधिक तितकें बरें’ असा आहे.

जपणुकीच्या कामांत मात्र हें आधिक्यच जड गेलें. अवघ्या पंधरा वर्षांत, २००३ सालीं, सारे संच बदलावे लागले. २००६ सालीं पाइक यांचें निधन झालें आणि कर्त्यास विचारून निर्णय घेण्याची सोय उरली नाहीं. पुढें काचेच्या पिक्चर ट्यूबांचें उत्पादनही बंद पडत गेलें. अखेर २०१८ सालीं सुरक्षिततेच्या कारणास्तव मनोरा विझविण्यांत आला.

मग मतभेद सुरू झाले. नवे चपटे पडदे बसवावे, असें कांहींचें म्हणणें. परंतु त्यामुळें काचेचा फुगवटा व खोक्यांची खोली जाऊन मनोऱ्याचा मूळ डौलच हरपला असता. जुने संच तसेच ठेवावे, तर चित्राविना तो केवळ सांगाडा! तो उतरवून टाकावा, असाही एक पर्याय होता.

२०१९ सालीं संग्रहालयानें मध्यम मार्ग स्वीकारला. ७३७ संच दुरुस्त करून वा वापरलेले जुने संच मिळवून मूळ स्वरूपांत राखले. उरलेल्या २६६ लहान संचांत बाह्य आकार कायम ठेवून नवे पडदे बसविले. पडद्यांवरील चलच्चित्रेंही डिजिटल स्वरूपांत उतरवून घेतलीं. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं मनोरा पुनः उजळला. यंत्रांचें आयुष्य वाढावें म्हणून तो ठराविक वेळच चालू ठेवण्याचें ठरलें.

जीर्ण देवालयाचा उद्धार करतांना खचलेली शिळा बदलतात; परंतु विधान आणि घाट राखतात. येथेंही तोच विवेक दिसतो. मात्र अशा कार्यांत कोणता भाग केव्हां, कां आणि कोणाच्या निर्णयानें बदलला, याची दप्तरीं नोंद असणें अत्यावश्यक आहे. ती नसेल, तर पुढील पिढी दुरुस्तीलाच मूळ कृति मानूं लागेल आणि कर्त्याचें काय व दुरुस्तकाचें काय, हें सांगण्यास कोणी उरणार नाहीं.