गळाची काठी

मासे धरण्याचा उद्योग दोन प्रकारचा आहे. पोटासाठी जो मासे धरतो त्याला जाळे लागते. भोई किंवा कोळी यांच्या घरात जाळ्याचे जे प्रकार आणि जी नावे आढळतात, त्यांवरून तो धंदा किती जुना व किती पक्का आहे याची कल्पना येते. दुसरा प्रकार विनोदाचा. त्यात एक माणूस, एक काठी, एक दोर आणि एक गळ एवढाच संसार असतो. आणि मासा हाती लागला नाही तरी दिवस फुकट गेला असे समजण्याची चाल नाही. या दुसऱ्या प्रकारात सगळा प्रश्न काठीचा असतो. काठी कोणत्या लाकडाची घ्यावी, किती लांब घ्यावी, तिने किती वाकावे, याविषयी गेली पाचशे वर्षे युरोपात आणि पुढे अमेरिकेत जेवढे लिहिले गेले तेवढे एखाद्या लहानशा राज्याच्या कारभाराविषयीही लिहिले गेले नसेल. परंतु या विषयाचा आरंभ युरोपात झाला असे जे सर्रास मानले जाते, ते मात्र तपासून पाहण्यासारखे आहे.

छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, आणि बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, ही दोन्ही नगरे १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती. त्याहून कितीतरी आधी, बाराव्या शतकात, त्यांचा याहूनही निकटचा संबंध होता. बसवकल्याण ही तेव्हाची कल्याणी, चालुक्यांची राजधानी. सेऊण देशाचे यादव त्यांचे मांडलिक. पुढे ११८७ च्या सुमारास भिल्लम पाचवा स्वतंत्र झाला आणि देवगिरी ही राजधानी म्हणून नावारूपास आली. पण त्याला अद्याप अर्धशतकाहून अधिक अवकाश होता. कल्याणीच्या गादीवर त्या वेळी तिसरा सोमेश्वर होता. हा राजा रणांगणापेक्षा ग्रंथामुळे स्मरणात राहिला. त्याने ‘मानसोल्लास’ नावाचा शंभर अध्यायांचा संस्कृत कोश रचला. त्यात शके १०५१, म्हणजे इसवी सन ११२९, या वर्षाचा उल्लेख येतो. त्यातील गीतांच्या प्रकरणात मराठी रचना आढळते, म्हणून मराठी भाषेच्या अभ्यासकांना हा ग्रंथ परिचित आहे. मासेमारांना तो तितकासा परिचित नाही, हे नवल.

या ग्रंथाच्या पाच विंशती आहेत. चौथी विंशती विनोदांची. हत्ती, घोडे, कुस्ती, कोंबड्यांच्या झुंजी, गीत, नृत्य, कथा अशा राजाच्या करमणुकींबरोबर तिच्यात ‘मत्स्यविनोद’ हाही एक विषय आहे. सोमेश्वर प्रथम मासे सांगतो. समुद्रातले कोणते आणि नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते आणि खवल्यांविना असलेले कोणते, अशी त्यांची वर्गवारी करतो. एकंदर पस्तीसच्या आसपास जाती त्याने नोंदल्या आहेत. नंतर कोणत्या माशाला कोणते खाद्य रुचते ते येते. खाद्य घालून मासे एका ठिकाणी जमवावेत आणि मग गळ टाकावा, हा त्यातला क्रम. काठी, दोर, गळ आणि आमिष या चारही गोष्टींचा त्यात विचार आहे. ज्याने हे लिहिले किंवा लिहवून घेतले त्याला पाण्याकाठी बसण्याची सवय असली पाहिजे. राजवाड्यात बसून ऐकीव माहितीवर असे लिहिता येत नाही.

आता इंग्लंडकडे पाहावे. इंग्रजीतील गळाच्या मासेमारीवरचा पहिला छापील निबंध १४९६ साली प्रसिद्ध झाला. तो डेम ज्युलियाना बर्नर्स या मठाधिकारिणीच्या नावावर मोडतो, जरी तिच्या कर्तृत्वाविषयी पंडितांना शंका आहे. आयझाक वॉल्टनचा सुप्रसिद्ध ग्रंथ १६५३ चा. म्हणजे सोमेश्वराचे प्रकरण त्या इंग्रजी निबंधाच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधीचे ठरते. तरीही जगातील मत्स्यविनोदाच्या इतिहासात सोमेश्वराला जागा मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकर यांनी संपादिलेला ‘मानसोल्लास’ १९२५, १९३९ आणि १९६१ अशा तीन खंडांत बाहेर पडला. आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ च्या सुमारास या प्रकरणाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पोथी कपाटात होती. ती उघडून पाहणारा मासेमार हवा होता, इतकेच.

युरोपात काठीचा विचार मात्र अखंड चालू राहिला, आणि त्याचे कारण तिथला मासा आहे. सामन हा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत चढतो. नदीत शिरल्यावर तो जवळजवळ काही खात नाही. म्हणजे ज्याला भूक नाही अशा माशापुढे आमिष टाकायचे! पिसे, केस व रेशीम गळाला बांधून केलेली कृत्रिम माशी तो का पकडतो, याचे समाधानकारक उत्तर आजही कोणी दिलेले नाही. पश्चिम अमेरिकेतील स्टीलहेड हा असाच समुद्रात जाऊन परतणारा मासा. गंमत अशी की तो स्वतंत्र जातीचा नाहीच. नीलगिरीच्या थंड ओढ्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी जो इंद्रधनुषी ट्राउट आणून सोडला, त्याचाच हा भाऊ. एक घरी राहिला आणि दुसरा दर्यावर्दी झाला.

कृत्रिम माशीला वजन नसते. दगड लांब फेकता येतो, पीस फेकता येत नाही. हीच अडचण या विद्येच्या मुळाशी आहे. तिच्यावर तोड अशी की वजन माशीत न ठेवता दोरात ठेवायचे. काठी मागे घेतली की दोर मागे उलगडतो आणि आपल्या भाराने काठीला वाकवितो. ती काठी सरळ होताना दोराला पुढे ढकलते, आणि माशी त्याच्या टोकाला मुकाट्याने जाते. काठी म्हणजे धनुष्य आणि दोर हाच बाण, असे म्हटले तर फारशी चूक होणार नाही. म्हणून काठीची निवड ही दोरापासून सुरू होते. १९६० च्या सुमारास अमेरिकेत दोरांना वजनावरून क्रमांक देण्याची पद्धत ठरली. स्टीलहेडसाठी साधारणतः सात किंवा आठ क्रमांकाचा आणि मोठ्या सामनसाठी नऊ किंवा दहाचा दोर घेतात. काठीवर तोच क्रमांक छापलेला असतो. नवखा मनुष्य काठीची किंमत पाहतो, जाणता आधी क्रमांक पाहतो.

लांबीचा प्रश्न नदी सोडविते. स्कॉटलंडमधील स्पे नदीचे काठ उंच आणि झाडीने भरलेले. तिथे दोर मागे नेण्यास जागाच नाही. तेव्हा दोर मागे न उडविता पाण्यावरच वळवून पुढे टाकण्याची एक रीत तिथल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात बसविली. तिला त्या नदीचेच नाव पडले. या रीतीला दोन्ही हातांनी धरायची लांब काठी लागते. त्या काळी ती चौदापासून अठरा फुटांपर्यंत असे आणि दक्षिण अमेरिकेतील गयानाहून येणाऱ्या ग्रीनहार्ट नावाच्या जड लाकडाची असे. दिवसभर ती परजणाऱ्याचे दंड कसे होत असतील याची कल्पना तलवार फिरविणाऱ्यालाच यावी.

ग्रीनहार्टला हटविले ते बांबूने, आणि इथे हिंदुस्थान पुन्हा प्रवेश करतो. बांबूची सारी ताकद त्याच्या बाहेरच्या कठीण सालीत असते. आतला गर हा नुसता भार. १८४५ नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील पेनसिल्व्हानियात सॅम्युएल फिलिप नावाच्या बंदूक करणाऱ्या कारागिराने बांबूच्या चिरफळ्या काढून, गर तासून, त्या एकमेकींना चिकटविल्या. पुढे हिराम लिओनार्डने सहा चिरफळ्यांची षट्कोनी काठी करून तिचा मोठा व्यापार केला. या काठ्यांसाठी लागणारा बांबू कलकत्त्याच्या बंदरातून जाई, म्हणून त्याला ‘कलकत्ता केन’ हेच नाव पडले. तो बहुधा आपल्याकडे मानवेल किंवा नर बांबू म्हणतात तोच. ज्या जातीच्या भरीव बांबूच्या दांड्याला पाते बसवून भाला करीत, त्याच जातीच्या चिरफळ्या न्यू इंग्लंडच्या ओढ्यांवर ट्राउटमागे धावू लागल्या. कलकत्त्याच्या बांबूवर सर्वत्र भाजल्याचे काळे डाग असत. ते कशासाठी याविषयी परदेशात नाना तर्क झाले. काहींनी त्यात धर्मविधीही शोधला. बांबू सरळ करण्यासाठी तो विस्तवावर शेकतात, हे आपल्याकडच्या कोणत्याही बुरुडाने सांगितले असते.

विसाव्या शतकाच्या आरंभी या बांबूची सद्दी संपली. दक्षिण चीनमधील एका नदीखोऱ्यात होणारा टोंकिन बांबू बाजारात आला. तो अधिक सरळ, पेरे लांब, सालीतले तंतू दाट, आणि कीडही कमी. काठी करणाऱ्यांनी एका पिढीच्या आत कलकत्ता सोडून चीन धरला. त्यालाही राजकारण आडवे आले. १९५० नंतर अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि काठीचा धंदा काचतंतूंकडे वळला. १९७० नंतर कार्बनतंतू आले. इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेत विमानांसाठी जे तंतू सिद्ध झाले, तेच मासे धरण्याच्या काठीत शिरले. आज उत्तम कार्बनची काठी हजार डॉलरांच्या घरात जाते. इतके मोल कशाचे, तर हलकेपणाचे आणि वाकून लगेच सरळ होण्याचे. तथापि बांबूच्या काठ्यांचे भोक्ते अजून आहेत. त्यांच्या मते कार्बनची काठी काम करते आणि बांबूची काठी बोलते.

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या सामनच्या काठ्या बरोबर आणल्या, तेव्हा त्यांना इथे सामन नव्हे, महसीर भेटला. मद्रास मुलकी खात्यातील हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ साली हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला आणि महसीर हा सामनहून अधिक झुंजार असल्याचा निर्वाळा दिला. महसीरच्या तोंडात दात नाहीत, ते घशात आहेत. पण त्याचा जबडा असा मिटतो की विलायती गळ चपटे होत. त्यामुळे इथे काठीइतकीच गळाची निवड मोलाची ठरली. त्याहीपुढचा भेद आहाराचा. सामन उपाशी, तर महसीर सर्वभक्षी. लहान मासे, खेकडे, झाडावरून पडलेली फळे, काही त्याला वर्ज्य नाही. म्हणून माशीपेक्षा चमचा किंवा पिठाचा गोळाच त्याच्यावर अधिक चालतो. कावेरीकाठी नाचणीच्या पिठाचे गोळे करीत. सोमेश्वराला ही रीत अनोळखी वाटली नसती.

महाराष्ट्राचा महसीर तो खडशी. कर्नल साइक्स या मुंबई सरकारच्या आकडेवारी अधिकाऱ्याने पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेत तो पाहिला आणि १८३९ मध्ये शास्त्राला त्याची ओळख करून दिली. शास्त्रीय नावात ‘खुद्री’ हा देशी शब्दच राहिला आहे. याच माशाची पुढची हकीकत विचारात पाडणारी आहे. नद्यांवर धरणे झाली. टाटांच्या वीजकेंद्रांसाठी घाटमाथ्यावर तलाव झाले, मुळेवर मुळशीचे धरण झाले, त्याविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. गोदावरीवर पैठणजवळ जायकवाडीचा पाया १९६५ साली लालबहादुर शास्त्रींच्या हस्ते बसला आणि १९७६ मध्ये ते पुरे होऊन नाथसागर भरला. पिके वाढली, शहरांना पाणी मिळाले. पण अंडी घालण्यासाठी वाहते, खडकाळ पाणी शोधणाऱ्या माशाच्या वाटेत भिंत उभी राहिली. यावर उपाय म्हणून १९७० नंतर लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीजकंपनीने खडशीची कृत्रिम पैदास सुरू केली. ती इतकी यशस्वी झाली की पिले इतर प्रांतांनाही मिळू लागली, आणि त्यांतली काही कावेरीत सोडण्यात आली. हेतू उत्तम होता. मासेमारांना खेळ मिळावा आणि नदी भरलेली राहावी, एवढीच इच्छा.

कावेरीत मात्र आधीच एक महसीर होता, कुबडाचा. तो जगातील सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी कावेरीची उपनदी कबिनी हिच्यात गळाने १२० पौंडांचा मासा धरला, तो याच जातीचा. शंभर पौंडांच्या माशासाठी जी जाड काठी आणि जो मजबूत दोर लोक निवडीत, तो याच्याच भयाने. लोणावळ्याच्या पिलांनी त्या पाण्यात मूळ धरले आणि कुबडाचा महसीर मागे हटू लागला. हे उघड झाले ते मासेमारांच्याच वह्यांवरून. कावेरीकाठच्या एका तळावर १९९८ ते २०१२ पर्यंत धरून पुन्हा सोडलेल्या माशांची नोंद ठेवलेली होती. शास्त्रज्ञांनी ती चाळली, तेव्हा माशांची संख्या वाढलेली आणि त्यांचे वजन घटलेले दिसले. कुबडाचे मासे पानागणिक विरळ होत गेले होते. २०१८ मध्ये या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित झाली आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. ज्या पाण्यात पूर्वी सर्वांत दणकट काठी लागत असे, तिथे आता गळाला येतो तो बहुधा खडशी, आणि त्याला मध्यम काठी पुरते.