वीज व वायुपुरवठा, महाराष्ट्रातील
मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ मध्ये दगडी कोळशापासून काढलेल्या वायूचे दिवे लागले. हा पुरवठा शहरापुरताच राहिला. विजेचा इतिहास मात्र सह्याद्रीशी निगडित आहे. कापडगिरण्यांसाठी कोळसा दूरच्या बंगालमधून आणणे खर्चाचे होते. म्हणून जमशेटजी टाटांनी पुरस्कारिलेल्या योजनेनुसार लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पावसाचे पाणी साठवून ते सु. ५०० मी. खाली खोपोलीच्या विद्युत्‌गृहात सोडण्यात आले (१९१५). पुढे भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) येथील केंद्रे सुरू झाली. भिऱ्यासाठी बांधलेल्या मुळशी धरणात मावळातील शेतकऱ्यांच्या पिढीजात जमिनी बुडाल्या. त्याविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह (१९२१–२४) धरण थांबवू शकला नाही. वीज मुंबईकडे गेली. बुडालेल्या गावांच्या वाट्याला तिचा लाभ आला नाही, हे या उज्ज्वल इतिहासात सहसा नोंदले जात नाही.

मुंबईतील वीजवितरण व ट्राम १९४७ मध्ये महानगरपालिकेकडे आली. राज्यनिर्मितीनंतर स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाने (१९६०) खेड्यापाड्यांत वीज नेली. २००५ मध्ये त्याचे निर्मिती, पारेषण व वितरण अशा स्वतंत्र कंपन्यांत विभाजन झाले. नळाने नैसर्गिक वायू पुरविण्यासाठी मुंबईत महानगर गॅस ही कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली.