काशफुलांतील आगगाडी

भारतीय चित्रपटाच्या इतिहासात काही दृश्ये अशी आहेत, की त्यांच्या जन्माची हकिकत त्या दृश्यांइतकीच ऐकण्यासारखी आहे. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ या १९५५ सालच्या बंगाली बोलपटातील आगगाडीचे दृश्य त्यांपैकीच एक होय. अपू आणि दुर्गा ही भाऊ-बहीण खरी. परंतु गरिबाच्या घरी थोरली बहीण हीच धाकट्याची पहिली सवंगडी असते. म्हणून या दृश्याला सख्याचे दृश्य म्हणावयास हरकत नाही.

राय यांनी २७ ऑक्टोबर १९५२ रोजी चित्रणास आरंभ केला, तो याच दृश्याने. वर्धमान जिल्ह्यात पालसिटजवळ लोहमार्गालगत काश नावाच्या गवताचे पांढरे तुरे फुललेले रान त्यांना सापडले होते. राय त्या वेळी एका जाहिरातसंस्थेत नोकरी करीत. चित्रण व्हावयाचे ते सुट्टीच्या दिवशी. छायालेखक सुब्रत मित्र नुकतीच विशी ओलांडलेले, आणि बोलपटाचे चित्रण त्यांनी पूर्वी कधी केलेले नव्हते. बहिणीला शोधीत अपूने चालावयाचे होते; पण मुलाची चाल कृत्रिम होऊ लागली. तेव्हा राय यांनी वाटेत काटक्या ठेविल्या आणि निरनिराळ्या दिशांनी त्याला हाका मारविल्या. चाल आपोआप घुटमळती, शोधक झाली.

पुढच्या आठवड्यात मंडळी परत येतात, तो रान भुईसपाट! गुरांनी सारा काश फस्त केला होता. उरलेल्या चित्रणासाठी पुढच्या वर्षीच्या फुलोऱ्याची वाट पाहावी लागली. पडद्यावर जी एक गाडी धावताना दिसते, ती प्रत्यक्षात तीन गाड्यांच्या चित्रणातून जुळविलेली आहे. आणि शुभ्र फुलांवर काळा धूर उठून दिसावा म्हणून ऐन वेळी इंजिनात कोळसा टाकविला होता.

आता दृश्याकडे वळू. भावंडांचे भांडण झाले आहे. रागावलेली दुर्गा पुढे, तिच्यामागे अपू, अशी ती दोघे गावाबाहेर अनोळखी रानात येतात. तारेच्या खांबाला कान लावून दुर्गा आतील गुणगुण ऐकते. उसाच्या कांडीबरोबर अबोलाही विरघळतो. तोच दुरून गाडीचा आवाज येतो आणि दोघे धावत सुटतात. परंतु दुर्गा अडखळून पडते. गाडीपाशी पोहोचतो तो एकटा अपू.

बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या मूळ कादंबरीत दुर्गेच्या नशिबी आगगाडीचे दर्शन नाहीच. राय यांनी तिला अगदी समीप आणले आणि शेवटच्या चार पावलांवर थांबविले. बालपणीच्या सख्याचे याहून सत्य चित्र कोणते? वाट दाखवितो एक, आणि पुढे जातो दुसरा. घरी परतताना त्यांना वेळूच्या बनात म्हातारी इंदिर ठाकरुण मृत आढळते. ज्या दिवशी जग मोठे झाले, त्याच दिवशी मरणाचीही ओळख झाली.

पुढे दुर्गा तापाने जाते. त्यानंतर अपू बाहेर निघताना आभाळाकडे पाहतो, माघारी फिरतो आणि छत्री घेतो. काळजी घेणारी ताई आता नाही. गाव सोडताना दुर्गेने चोरलेली माळ त्याला फळीवर सापडते. तो ती तळ्यात फेकून देतो, आणि तिच्यावर शेवाळाचा पडदा पुन्हा मिटतो. मैत्रिणीचे गुपित तिच्यामागेही सांभाळावे, हे त्याला कोणी शिकविलेले नाही. माझ्या मते अपू थोर होतो तो या क्षणी.

‘अपराजितो’त हीच आगगाडी आईपासून मुलाचे अंतर मोजते, ‘अपूर संसार’मध्ये ती तरुण अपूच्या खोलीखालून शिट्ट्या मारीत जाते. कान चित्रपट महोत्सवाने १९५६ साली या चित्रपटाचा मानवी दस्तऐवज म्हणून गौरव केला. परंतु प्रेक्षकाच्या मनात उरते ती गाडी नव्हे. उरते ती फुलांत मागे राहिलेली, धापा टाकणारी दुर्गा.