कांडी भरणारीचं नाव

आम्ही नाशिकच्या इंदिरानगरमधून बोलतोय. दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्या बचत गटात एक विषय निघाला. पैठणी विणायचा वर्ग सुरू करायचा का? शिवणकाम झालं, पापड-मसाले झाले. आता येवल्याहून कुणाला तरी बोलावू, पंधरा दिवसांचा वर्ग घेऊ, फी ठेवू, शेवटी प्रमाणपत्र देऊ. हिशेबसुद्धा मांडून झाला. तेवढ्यात आमच्यातली एक ताई, जिचं माहेर येवल्याचं, हळूच म्हणाली, "ते सगळं खरं, पण कांड्या कोण भरणार?"

कांडी म्हणजे धोट्यात घालायची छोटी नळी. तिच्यावर रेशीम गुंडाळलेलं असतं. कांडी भरलेली नसेल तर विणणारा हात नुसताच बसून राहतो. ताईच्या प्रश्नावर आम्ही हसलो, पण घरी गेल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून आधी थोडा इतिहास वाचला, मग येवल्याला जाऊन आलो. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात आमच्या अंगणापासूनच करू. इंदिरानगरातून महामार्गाच्या बाजूला पाहिलं की पांडवलेणीचा डोंगर दिसतो. आपण तिथे श्रावणात जातो, मुलांना घेऊन पायऱ्या चढतो, फोटो काढतो आणि उतरतो. पण तिथल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत एक लेख कोरलाय, तो आपल्यासारख्या गटाच्या बायकांनी जरूर समजून घ्यावा असा आहे.

हा लेख सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्या वेळी इथे नहपान नावाच्या क्षत्रपाचं राज्य होतं. त्याचा जावई उषवदात. त्यानं हे लेणं भिक्खूंना दान दिलं आणि त्यांच्या खर्चासाठी ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवली. आता ठेवली कुठे? राजाच्या खजिन्यात नाही, सावकाराकडेही नाही. गोवर्धन गावातल्या विणकरांच्या संघांकडे ठेवली. गोदाकाठी गंगापूरच्या बाजूला त्या नावाचं गाव आजही आहे.

एका संघाकडे २००० नाणी, व्याज दरमहा शेकडा एक. दुसऱ्या संघाकडे १०००, व्याज दरमहा शेकडा पाऊण. शेकडा एक, शेकडा पाऊण! आपण बैठकीत ज्या भाषेत बोलतो तीच भाषा. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, अशीही अट आहे. २००० वर शेकडा एकनं महिन्याला २० आणि वर्षाला २४० नाणी होतात. त्यातून लेण्यात पावसाळ्यात राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ नाणी कपड्यासाठी द्यायची, असं लिहिलंय. करून बघा, हिशेब तंतोतंत जुळतो. शिवाय हा व्यवहार गावच्या सभेत वाचून दाखवला आणि रीतीप्रमाणे फळ्यावर नोंदवला, असंही त्यात आहे. ठराव वाचून दाखवायचा आणि रजिस्टरमध्ये लिहायचा, हा आपला नियम म्हणजे काही बँकेच्या साहेबांनी काल आणलेली गोष्ट नाही.

हे वाचून आमच्या गटातल्या बायकांची मान ताठ झाली. हातानं काम करणाऱ्यांच्या संघावर राजघराण्याचा एवढा विश्वास! पण मग एकीनं विचारलं, "त्या विणकरांची नावं काय होती?" नावं नाहीत. देणाऱ्याचं नाव आहे, त्याच्या सासऱ्याचं आहे. त्याच लेण्यात उषवदाताची बायको दक्षमित्रा हिनं एक खोली दान दिल्याचा लेख आहे, त्यात तिचंही नाव आहे. म्हणजे बाईचं नाव दगडावर येत होतं, पण ती देणारी असेल तर. विणणारा नुसता "विणकरांचा संघ" म्हणून आला. आणि त्या विणकरांच्या घरात सूत कातणारी, सूत उकलणारी जी कोणी असेल, ती तर संघातही आली नाही.

आता येवल्याकडे वळू. येवला आपल्याच जिल्ह्यातलं. निफाड, विंचूर ओलांडून एसटीनं दोन-अडीच तासांची वाट. पैठणीचं नाव पैठणचं, पण आज ती सगळ्यात जास्त ओळखली जाते येवल्यामुळे. १८८३ साली इंग्रज सरकारनं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. त्यात येवल्याच्या रेशीम धंद्याची हकीगत आहे. गाव वसवणारे रघोजी नाईक यांनी बाहेरून रेशमाचे कारागीर आणवले, आणि ते टिकावेत म्हणून त्यांना मक्ता दिला. मक्ता म्हणजे रेशीम विणायचं ते त्यांनीच. नव्या माणसाला धंद्यात यायचं तर पैसे भरून, परवानगी घेऊन. हा मक्ता पिढ्यान्‌पिढ्या चालला आणि १८६४ मध्ये मोडला. त्यानंतर कुणालाही माग टाकायची मोकळीक झाली.

आम्हाला वाटलं, बरं झालं, दार उघडलं. पण येवल्याला गेल्यावर बंद दाराचीही एक बाजू असते हे कळलं. ज्या घरी आम्ही बसलो होतो तिथल्या काकांना आम्ही सरळच विचारलं, "आम्हाला शिकवाल का?" ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. म्हणाले, "शिकवीन हो. पण तुम्ही शिकल्यावर माझ्या पोरानं काय विणायचं, तेवढं सांगा." कला लपवून ठेवणारे कारागीर कंजूष असतात असं आपण पटकन बोलून जातो. त्यांच्या पोटाची काळजी आपल्या लक्षात येत नाही. यंत्रमागावरची नकली पैठणी बाजारात निम्म्याहून कमी किमतीला मिळते आणि गिऱ्हाईक तीच घेऊन जातं, ही भीती त्यांच्या उंबऱ्यावरच उभी आहे.

तरी येवल्याची दारं उघडी आहेत. शहरात आणि शेजारच्या नागडे, बल्हेगावसारख्या गावांत घरातच माग असतो. खड्ड्यात पाय सोडून विणकर बसतो, समोर ताणा, हाताशी धोटा. साडी घ्यायला आलेल्या बाईला आधी माग दाखवतात. मोठ्या शहरात चित्रकार ठरावीक दिवशी आपली काम करायची जागा लोकांसाठी उघडी ठेवतात, तसंच हे. फक्त इथे त्यासाठी वेगळा दिवस ठरवत नाहीत. चहा होतो, गप्पा होतात, मुलं मागाभोवती खेळतात आणि गिऱ्हाईक बघता बघता शिकतं.

आम्हीही शिकलो. पदरावरचा मोर, मुनिया, काठावरची आसावलीची वेल हे सगळं वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्या हातानं फिरवून, धागा धाग्यात अडकवून भरतात. म्हणून खऱ्या हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी तशीच स्वच्छ दिसते. मागे सुटे धागे लोंबत असतील तर विचार करा. साधी साडी महिन्याभरात उतरते, भरलेल्या पदराची असेल तर सहा महिने, कधी वर्षही जातं. हे डोळ्यांनी पाहिल्यावर आमच्यातल्या एकीनंही भाव केला नाही. काकांना आम्ही तेच सांगितलं. "तुमच्या पोराच्या हातचं काम ओळखणारी गिऱ्हाइकं तर अशीच तयार होतील ना?" काका म्हणाले, "हां, हे खरंय." २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कागदाचा उपयोगही घेणारीला पारख असेल तरच होतो.

हे चाललं असताना मागच्या खोलीतून रहाटाचा आवाज येत होता. आमची माहेरवाशीण ताई उठून आत गेली, तिच्यामागे आम्हीही गेलो. तिथे काकू बसल्या होत्या. बेंगळुरूहून आलेलं रेशीम उकलून कांड्यांवर भरत होत्या. मध्येच उठून भाताला पाणी घालून येत, परत बसत. गुंता आला की धागा न तोडता नखानं सोडवत. आम्ही विचारलं, "किती वर्षं झाली?" म्हणाल्या, "लग्न झालं तेव्हापासून. तीस-बत्तीस." मग विचारलं, "विणकराचं ओळखपत्र आहे का तुमच्याकडे?" काकू म्हणाल्या, "ह्यांचं आहे. नावं लिहायला आले होते तेव्हा मला विचारलं, तुम्ही काय करता. मी म्हटलं, मी काही करत नाही, घरीच असते."

मैत्रिणींनो, आम्ही गप्प झालो. आपण सगळ्याच हे उत्तर देतो की नाही? शेतात निंदणी करून आलेली बाई म्हणते, घरीच असते. पहाटे चारला उठून गोठा काढणारी म्हणते, काही करत नाही.

आणि सरकारी मोजणी काय म्हणते बघा. २०१९-२० च्या देशभराच्या हातमाग गणनेत सुमारे ३५ लाख माणसं या कामात असल्याची नोंद झाली. त्यांत दर शंभरात ७२ बायका आहेत. नुसते विणणारेच मोजले असं नाही, कांड्या भरणारे, ताणा लावणारे असे सहायक कामगारही त्यात धरतात. म्हणजे काकूंचं काम हे कामच आहे, त्याला रकाना आहे. त्यांनी ते सांगितलं नाही, एवढंच.

मग बाईनं मागावर बसायचंच नाही का? बसायचं. महेश्वरचं उदाहरण बघा. आपल्या चांदवडच्या रंगमहालामुळे अहिल्यादेवी होळकर नाशिककरांना परक्या नाहीत. नर्मदाकाठी महेश्वरला राजधानी नेल्यावर त्यांनी बाहेरगावचे विणकर तिथे वसवले, त्यातून महेश्वरी साडी उभी राहिली. पुढे काळ बदलला, धंदा मंदावला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी काढली आणि गावातल्या बायकांना माग शिकवायला घेतलं. शिकणाऱ्या बाईला पुढे कामही मिळेल, अशी सोय केली. वर्ग घेतला, प्रमाणपत्र दिलं आणि निरोप दिला, असं झालं नाही. येवल्यातही आता कित्येक बायका स्वतः मागावर बसतात. आम्ही पाहिलेल्या एका घरात सून विणत होती आणि सासू कांड्या भरत होती.

परत आल्यावर आमची बैठक झाली. वाद झाला, दोघी रुसल्याही. एकीचं म्हणणं होतं, एवढा विचार करत बसलो तर वर्ग व्हायचाच नाही. तिचंही खोटं नाही. शेवटी ठराव झाला तो असा. पंधरा दिवसांत पैठणी शिकवतो अशी जाहिरात करायची नाही, कारण ते खोटं आहे. त्याऐवजी वर्षातून चार वेळा येवल्याच्या घरी जायचं, तिथेच बसून बघायचं, हात लावून शिकायचं. बघण्याचे पैसे घराला द्यायचे. आणि त्यातला कांड्यांचा तास काकू घेणार, त्याचं मानधन काकूंच्या हातात, त्यांच्या सहीनं. ज्या मुलीला खरंच विणायचं असेल तिला गट कर्ज देईल, पण तिनं आधी काकूंकडे महिनाभर कांड्या भरायच्या.

काकूंना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्याकडून काय शिकायचंय?" दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. विचारत होत्या, पोरींना शिकवायला रहाट एकच आहे, दुसरा आणू का?

७ ऑगस्टला हातमाग दिवस असतो. त्या दिवशी आमची पहिली फेरी निघणार आहे. रजिस्टरमध्ये पान आखून ठेवलंय. शिकवणाऱ्यांच्या रकान्यात पहिलं नाव काकूंचं आहे, दुसरं काकांचं.

तुमच्या गावातही अशी मागची खोली असेल. कुंभाराच्या घरी माती मळणारी, बुरुडाच्या घरी कामट्या काढणारी, गोधडीचे टाके घालणारी आजी. पुढच्या बैठकीत तिला बोलवा, सतरंजीवर मध्ये बसवा, तिचं काम तिच्याच तोंडून ऐका आणि तिचं नाव लिहून घ्या. आणि उद्या कुणी नोंद घ्यायला दारात आलं, तर आपणही नीट उत्तर देऊ या.